बिंगचं उभं वाफेचं इंजिन: घ्यावं का, वय कसं ओळखावं, हात कुठे लावू नये

जुन्या खेळण्यांतलं वाफेचं इंजिन पहिल्यांदाच घेत असाल, तर न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याचं उभ्या बॉयलरचं छोटं इंजिन घ्या. शंभर वर्षं उलटली तरी नीट निगा राखलेलं इंजिन आजही स्पिरिटच्या दिव्यावर पळतं, त्याची रचना उघड्या डोळ्यांना कळते आणि त्याचं वय सांगणाऱ्या खुणा त्याच्या अंगावरच असतात. मात्र मळकं, डागाळलेलं, पण मूळ रंगातलं इंजिन घ्या. घासून सोन्यासारखं चमकवलेलं इंजिन फोटोत कितीही देखणं दिसलं तरी त्याला कमी गुण द्या. त्या चकाकीखाली वयाचा निम्मा पुरावा गेलेला असतो आणि तो परत आणता येत नाही.

वस्तू नेमकी कशी असते ते आधी पाहू. पत्र्याचा किंवा बिडाचा पाट, त्यावर बहुधा विटांची किंवा फरशीची उठावदार नक्षी. त्यावर भोकं पाडलेली भट्टी, भट्टीत सरकणारा वातींचा दिवा, वर पितळेचा उभा बॉयलर आणि धुराडं. बॉयलरच्या अंगाला किंवा पाटावर एकच सिलिंडर, शेजारी दोरीची खाच असलेलं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक. स्वस्त नमुन्यांत सिलिंडर स्वतःच झुलतो. महागड्यांत तो स्थिर असतो आणि वाफेची वाट सरकत्या झडपेनं उघडते-मिटते. पहिल्या खरेदीला झुलत्या सिलिंडरचं इंजिन बरं, कारण त्यात बिघडण्यासारख्या जागाच कमी.

बिंग बंधूंनी, म्हणजे इग्नात्स आणि अडॉल्फ यांनी, १८६०च्या दशकात धंदा सुरू केला तो पत्र्याच्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा. खेळणी नंतर आली, आणि पहिल्या महायुद्धाआधीच बिंग हे जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी-कारखान्यांत गणलं जाऊ लागलं. जर्मनीत श्ट्राइटबर्गजवळ लवणस्तंभांची एक गुहा आहे, ती १९०५ साली याच इग्नात्स बिंगनी शोधली आणि आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. इग्नात्स १९१८ साली गेले. पुढे मंदीत कारखाना ढासळला आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच खेळण्यांचं उत्पादन संपलं. ही चौकट ध्यानात ठेवली की वय काढणं बरंच सोपं होतं.

पहिली खूण म्हणजे कारखान्याची मुद्रा. पाटावर किंवा भट्टीच्या दाराजवळ पितळी पट्टी, ठसा किंवा छाप शोधा. जी.बी.एन. ही अक्षरं म्हणजे ‘गेब्रूडर बिंग, न्यूरेंबर्ग’. ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या आसपासपर्यंत वापरात होती. त्यानंतर कंपनीचं नाव ‘बिंग वेर्के’ झालं आणि मुद्रेत बी.डब्ल्यू. आलं. म्हणजे एकाच घडणीची दोन इंजिनं समोर असली तरी पट्टीवरून एक युद्धाआधीचं आणि दुसरं १९२०च्या दशकातलं हे सांगता येतं. पट्टी वाचताना भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड अगदी आडवा पाडा. घासून सपाट झालेल्या ठशाच्याही कडा सावलीत उठून दिसतात. नुसत्या समोरच्या उजेडात ‘जी’ आणि ‘सी’ यांत गल्लत होते, आणि ही गल्लत महागात पडते, कारण जी.सी. म्हणजे त्याच गावातला जॉर्ज कारेट, ज्याचा कारखाना महायुद्धात १९१७ साली बंद पडला. ई.पी. म्हणजे अर्न्स्ट प्लांक. डी.सी. म्हणजे डॉल आणि कंपनी, जी १९३८ साली फ्लाइशमानच्या ताब्यात गेली. विक्रेते यांतलं काहीही ‘बिंग’ म्हणून खपवतात, बऱ्याचदा अज्ञानापोटी.

दुसरी खूण कायद्यानं दिलेली आहे. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द ब्रिटनच्या १८८७च्या व्यापारचिन्ह कायद्यामुळे मालावर येऊ लागले, म्हणजे हे शब्द असलेलं इंजिन त्याआधीचं नाही. डी.आर.जी.एम. म्हणजे जर्मन साम्राज्याची उपयुक्त-नमुना नोंदणी. ती १८९१ साली सुरू झाली आणि ही अक्षरं १९४५पर्यंतच्या मालावर दिसतात. डी.आर.पी. हे पेटंट १८७७पासूनचं. या खुणा ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतात, नेमकं साल सांगत नाहीत. उलट ‘यू.एस. झोन, जर्मनी’ असा शिक्का दिसला तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी अमलातलं इंजिन आहे, आणि तोवर बिंगचा खेळणी-कारखाना कधीच संपला होता. तो शिक्का आणि ‘बिंग’ हे नाव एकाच जाहिरातीत असेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे.

तिसरी खूण बारीक, पण भरवशाची: स्क्रू. अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरच बाजारात पसरला. बिंगच्या इंजिनात तो दिसला की तो भाग कुणीतरी कधीतरी खोलला आहे हे नक्की समजा. मूळ स्क्रूची खाच सरळ आणि अरुंद असते. खाचेच्या कडा फाटलेल्या असतील तर चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर फिरलेला आहे, आणि आत आणखी काय काय झालं असेल याची शंका घ्यावी. धुराडं आणि दिवा हे दोन भाग सर्वांत आधी हरवतात, त्यामुळे तेच सर्वांत जास्त बदललेले सापडतात. दिवा भट्टीत सैल डुगडुगत असेल किंवा सरकवताना अडत असेल तर तो दुसऱ्या इंजिनाचा. मूळ दिव्यानं भट्टीच्या आतल्या तळावर वर्षानुवर्षं घासून दोन समांतर रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांचं अंतर आणि दिव्याची रुंदी जुळते का ते वर्निअरनं, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीनं, मोजा.

खरेदीआधी विक्रेत्याकडून चार फोटो मागवा: पाट खालून, बॉयलरच्या तळाची कड, सिलिंडर बाजूला ओढून मागची सपाट पाटी, आणि दिव्याच्या नळ्या. बॉयलरच्या तळाशी सोल्डरचे गोळे किंवा ओघळ दिसले तर तो बॉयलर कोरडा तापलेला आहे. याचं कारण साधं आहे. या बॉयलरचे जोड कथील-शिशाच्या मऊ सोल्डरचे असतात आणि असं सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या आसपास वितळतं. आत पाणी आहे तोवर एक बार (साधारण हवेच्या दाबाएवढ्या) जादा दाबालाही तापमान १२० अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे जोड सुरक्षित राहतो. पाणी संपलं की दोन-तीन मिनिटांत पत्रा दोनशेच्या वर जातो आणि जोड सुटतो. असं इंजिन शोकेससाठी चालेल, वाफेसाठी त्याचे पैसे देऊ नका. फ्लायव्हीलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील आणि लोहचुंबक चिकटत नसेल तर ती जस्ताची कीड असू शकते. अशुद्ध जस्ताचं ओतकाम आतून फुगून तुटतं आणि त्यावर इलाज नाही.

आता दुरुस्ती. इंजिन हातात आल्यावर ते सर्व बाजूंनी मोजपट्टीसह फोटोबद्ध करा, पट्टी आणि ठसे लिहून काढा, मगच पाणी लावा. आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच, पितांबरी किंवा ब्रासो काढायची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. देवाच्या समईला ती शोभते, इथे घात करते. बिंगच्या बऱ्याच बॉयलरांवर पितळ रसायनात काळं-निळं केलेलं असतं. ही झाक म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ थर. ब्रासोचा बोळा एक मिनिट फिरला की खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. बाजारातल्या ‘निळं करण्याच्या’ द्रावणांनी आणलेला रंग शेजारच्या मूळ रंगाशी जुळत नाही, जाणकार तो लांबून ओळखतो आणि इंजिनाची किंमत तिथेच पडते.

मळ काढायला कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, कापसाच्या काड्या आणि मऊ टूथब्रश पुरतात. एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढी जागा, लगेच कोरडं फडकं. रंगीत छाप आणि पट्ट्यांवर आधी लाळेनं ओली केलेली काडी एका कोपऱ्यात लावून पाहा. काडीवर रंग उतरला तर तिथे थांबा. थिनर तर घरातच आणू नका, जुना भट्टीत भाजलेला रंगही त्यात सुटतो. हा रंग खरवडू किंवा कोरडा घासू नये याला आणखी एक कारण आहे: त्यात शिसं असू शकतं. जुन्या वाती आणि दोरीच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते ओलं करून, मास्क आणि हातमोजे घालून काढा, पिशवीत बंद करा, फुंकर मारू नका. उघड्या पोलादावरचा गंज तेल लावून ‘०००० नंबर’च्या स्टील वूलनं हलकेच उतरवा. शेवटी सगळीकडे मेणाचा पातळ हात.

अडकलेलं इंजिन सोडवताना लोक फ्लायव्हीलच पिळतात. तसं केलं की क्रँकची, म्हणजे पिस्टनची ये-जा चाकाच्या फिरण्यात बदलणाऱ्या भागाची, दांडी वाकते किंवा फ्लायव्हीलचा जोड सुटतो. बहुतेक वेळा पिस्टन गंजलेला नसतोच. जुनं तेल वाळून त्याचं वॉर्निश झालेलं असतं. सिलिंडरच्या भोकांत रॉकेलचे तीन-चार थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी हेअर ड्रायरनं सिलिंडर कोमट करून फ्लायव्हील बोटानं मागे-पुढे फक्त डुलवा. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या. सुटलं की तपकिरी, चिकट पाणी बाहेर येतं. ते स्वच्छ येईपर्यंत रॉकेलनं धुवा.

झुलत्या सिलिंडरचा जीव त्या दोन सपाट पाट्यांत असतो: एक सिलिंडरला, एक वाफेच्या नळीच्या टोकाला. दोन्ही एकमेकींवर स्प्रिंगनं दाबलेल्या. नळीच्या पाटीवर दोन भोकं, एक वाफ आत यायचं, एक बाहेर जायचं. सिलिंडरला एक भोक, ते झुलताना आळीपाळीनं या दोघांसमोर येतं. त्यांत केसाएवढी फट असली तरी वाफ फिस्कारत बाहेर जाते आणि इंजिन ‘दाब आहे पण पळत नाही’ अशा अवस्थेत राहतं. तपासायला सिलिंडरच्या पाटीवर निळ्या मार्करनं जाळी काढा, वाळू द्या, जागेवर बसवून हातानं वीस वेळा झुलवा. निळं सगळीकडून सारखं पुसलं गेलं तर पाटी सपाट आहे. एकाच कडेला पुसलं गेलं तर घासावी लागेल. जाड काचेवर १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवा, त्यावर पाटी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवा, बोटाचा दाब अगदी मध्यावर. पंधरा-वीस फेऱ्या झाल्या की पुन्हा मार्कर. शेवट २००० नंबरवर. दोन पाट्या एकमेकींवर पॉलिशची पेस्ट लावून घासायची युक्ती सांगितली जाते, ती टाळा. पेस्टचे कण मऊ पितळेत रुततात आणि पुढे प्रत्येक फेरीत पाटी खातात. स्प्रिंगही फार कसू नका. दाब वाढला तर सिलिंडर पाटीवरून किंचित उचलला जाऊन वाफ सुटली पाहिजे. सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की वाफ सोडणारी बॉयलरवरची झडप, अडकला तर हीच दुसरी सुटका.

बॉयलरच्या आत क्षार असतातच. १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड २०० मि.ली. कोमट पाण्यात विरघळवून भरा, अर्ध्या तासानं ओता, पाण्यात खायचा सोडा घालून एकदा आणि मग साध्या पाण्यानं तीनदा खळखळवा. क्षार जास्त असतील तर हेच पुन्हा करा, पण द्रावण रात्रभर ठेवू नका. आम्ल पितळेतलं जस्त खातं, पृष्ठभाग तांबूस-गुलाबी होतो आणि धातू सच्छिद्र बनतो. जोड मूळचाच झिरपत असेल तर साबणाच्या पाण्याचा फेस लावून नळीतून तोंडानं फुंका, बुडबुडा जागा दाखवतो. हवेच्या पंपानं दाब देऊन चाचणी कधीही घेऊ नका. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताकद साठवते आणि बॉयलर फुटला तर तुकडे उडतात. चाचणी पाण्यानंच: बॉयलर तोंडोतोंड पाण्यानं भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, हातपंप आणि दाबमापक जोडा, आणि चालवायच्या दाबाच्या दीडपट दाब दहा मिनिटं धरा. एक बारावर चालवायचं असेल तर दीड बार. मापकाचा काटा उतरला किंवा बॉयलरचा तळ फुगला तर ते इंजिन कपाटातच राहील. गळका जोड मऊ सोल्डरनंच दुरुस्त करावा, १०० वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं, थोड्या-थोड्या जागेत. कुणी ‘चांदीचं सोल्डर पक्कं असतं’ म्हणाला तर ऐकू नका. त्याला सहाशे अंशांच्या वर उष्णता लागते, तेवढ्यात बाकीचे सगळे जोड गळून पडतील आणि निळी झाकही जाईल.

सेफ्टी व्हॉल्व्ह ही या इंजिनाची सर्वांत कमकुवत बाजू आहे आणि इथे मी गुण कापतो. शंभर वर्षांची स्प्रिंग किती दाबाला उघडेल याचा भरवसा नाही, क्षारानं ती बसलेलीही असते. वाफेवर चालवताना नवीन, मोजून लावलेला व्हॉल्व्हच वापरा, जुना काढून ठेवा. आट्यांची मापं मात्र आजच्या मेट्रिक मापांशी जुळतीलच असं नाही. आट्यांच्या गेजनं मोजा आणि मधला जोडतुकडा लेथवर करून घ्या. ‘थोडं जोर लावलं की बसतं’ या वाक्यानं कित्येक बॉयलरांचे आटे कायमचे गेले आहेत.

पहिल्यांदा पेटवताना बॉयलरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी, तेही डिस्टिल्ड, जे बॅटरीत घालायला मिळतं तेच. बोअरचं पाणी दोन-तीन वेळांतच पांढरा थर देतं. स्पिरिट सिरिंजनं मोजून घाला. १५० मि.ली. पाण्याला पहिल्या वेळी २० मि.ली. पुरे. दिवा विझल्यावर, गार झाल्यावर उरलेलं पाणी मोजा. निम्म्याहून जास्त उरलं तर पुढच्या वेळी पाच मि.ली. वाढवा. पाण्याआधी स्पिरिट संपलं पाहिजे, हा हिशेब एकदा बसला की बॉयलर कोरडा पडायचा धोका जातो. वाती सुती दोऱ्याच्या किंवा काचतंतूच्या, नळीत घट्ट पण गच्च नाही. सैल वातीतून ज्योत आत शिरते, गच्च वातीतून स्पिरिट चढत नाही. गरम दिव्यात स्पिरिट ओतू नका. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. खाली स्टीलचं ताट, शेजारी ओलं जाड फडकं, आणि मुलं असतील तर टेबलाच्या पलीकडे.

तेलाबाबत बहुतेक लोक चुकतात. शिलाई मशीनचं तेल क्रँकच्या बेअरिंगला ठीक, सिलिंडरला नाही. गरम वाफेपुढे ते लगेच धुऊन जातं. सिलिंडरला जाड, साधं खनिज तेल हवं, ज्याला स्टीम ऑइल म्हणतात. गिअर ऑइल दिसायला तसंच जाड असतं, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळ काळं करतात आणि खातात. इंजिन सुरुवातीला दोन-चार फेऱ्या गरम पाणी थुंकेल. सिलिंडर तापेपर्यंत बोटानं फ्लायव्हीलला मदत करा, मग ते स्वतः धरतं.

तुलना करायचीच तर: मुलासाठी, दर रविवारी चालवायला इंजिन हवं असेल तर बिंग घेऊ नका. ल्युडेनशाइडच्या विलेस्कोनं १९५०पासून वाफेची इंजिनं केली आहेत, बर्मिंगहॅममध्ये जेफ्री मॅलिन्सनं १९३७ साली सुरू केलेल्या मॅमॉडचीही जुनी इंजिनं ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना सहज सापडतील, आणि त्यांचे वॉशर, व्हॉल्व्ह, वाती वेगळे विकत मिळतात. मॅमॉडचं वयही पटकन कळतं: रोड रोलर १९६१ साली आला, ट्रॅक्शन इंजिन १९६३ साली. स्पिरिटचा दिवा असेल तर बहुधा १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं, वडीच्या इंधनाची ताटली असेल तर त्यानंतरचं. बिंग त्यांच्याइतकं सोशिक नाही, सुटे भाग तयार मिळत नाहीत. पण विटांच्या नक्षीचा तो पाट, निळसर बॉयलर आणि फ्लायव्हीलची हळू, जड चाल या दोघांत नाही. वर्षातून तीन-चारदाच, कमी दाबावर चालवणाऱ्या माणसासाठी मी बिंगला पाचपैकी चार देईन. कापलेला एक गुण व्हॉल्व्हचा.

चालवून झाल्यावर बॉयलर कोमट असतानाच पाणी ओता, झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या, सिलिंडरमध्ये तेलाचे दोन थेंब सोडून फ्लायव्हील हातानं फिरवा. काढलेला जुना व्हॉल्व्ह आणि मूळ स्क्रू एका पाकिटात घाला, ॲस्बेस्टॉसच्या वातीची बंद पिशवी वेगळी ठेवून तिच्यावर तसं ठळक लिहा, आणि पट्टीवरच्या अक्षरांचा फोटो, काय बदललं ते तारखेनिशी लिहिलेला कागद जोडून हे सगळं इंजिनाच्याच खोक्यात ठेवा.